रूळ गेले, वाट राहिली : बर्गंडीतील एक खेडे आणि त्याचा सायकलमार्ग

फ्रान्सच्या मध्यपूर्व भागात, सोन नदीच्या पश्चिमेस, चुनखडीच्या ठेंगण्या टेकड्यांची एक रांग दक्षिणोत्तर पसरली आहे. या टेकड्यांच्या पश्चिम पायथ्याशी ग्रोन नावाची लहानशी नदी उत्तरेकडे वाहत जाते आणि पुढे सोनला मिळते. बर्गंडी प्रांताचा हा दक्षिण भाग. उतारांवर द्राक्षांचे मळे, सखल जागी शारोले जातीच्या पांढऱ्या गाईंची कुरणे, माथ्यावर ओकची राने आणि अधूनमधून एखाद्या जुन्या चर्चचा दगडी मनोरा, असे येथील दृश्य असते. ग्रोनच्या काठी वसलेले कोर्मातँ हे अशाच खेड्यांपैकी एक. वस्ती पाचशेच्या आसपास. मोठा उद्योग नाही, मोठी बाजारपेठ नाही, आणि आता रेल्वेही नाही. तरीही वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत या गावात सायकलस्वारांची ये-जा अखंड चालू असते. त्यांत पाठीवर सामान बांधलेले तरुण असतात, लहान मुलांना मागील गाडीत बसवून निघालेली कुटुंबे असतात आणि सत्तरी ओलांडलेली जोडपीही असतात.

या वर्दळीचे कारण दुहेरी आहे. कोर्मातँपासून पंधरा किलोमीटरांच्या परिघात जवळजवळ एक हजार वर्षांचा इतिहास दगडांच्या रूपाने उभा आहे, हे पहिले कारण. परंतु तो इतिहास काही काल-परवा निर्माण झालेला नाही. तो शतकानुशतके तेथेच होता. तो पाहावयास सायकलवरून माणसे येऊ लागली ती मुख्यतः १९९७ नंतर. त्या वर्षी या खोऱ्यातील एका बंद पडलेल्या लोहमार्गाची वाट सायकलींसाठी खुली झाली. फ्रेंच भाषेत अशा मार्गाला ‘व्हॉआ व्हेर्त’ म्हणजे हरित मार्ग म्हणतात. जिव्री ते क्लूनी हा सुमारे ४४ किलोमीटरांचा मार्ग त्या देशातील अगदी आरंभीच्या हरित मार्गांपैकी एक होय. कोर्मातँ या मार्गावरच आहे.

लोहमार्गाचा अस्त

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने खेडोपाडी रेल्वे नेली. मुख्य मार्ग पॅरिसहून निघून सोनच्या काठाने शालों व माकों ही शहरे जोडीत दक्षिणेकडे जात असे. ग्रोनच्या खोऱ्यातील गावे या मार्गापासून दूर राहिली होती. म्हणून शालोंहून क्लूनीमार्गे माकोंला जाणारा एक दुय्यम मार्ग टाकण्यात आला. धान्य, गुरे, लाकूड, द्राक्षमद्याची पिंपे आणि बाजाराला निघालेले शेतकरी यांची ने-आण या मार्गाने दीर्घ काळ केली. प्रत्येक गावाला एक स्थानक मिळाले आणि कोर्मातँलाही ते लाभले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर मोटारी आल्या, मालाची वाहतूक मालमोटारींकडे वळली, आणि खेड्यांतील तरुण पिढी शहरांकडे गेली. देशभर शेकडो दुय्यम लोहमार्ग एकामागून एक बंद पडले. ग्रोनच्या खोऱ्यातही हेच झाले. यातला विरोधाभास असा की, १९८१ मध्ये पॅरिस व ल्यों यांना जोडणारा अतिवेगवान लोहमार्ग खुला झाला तो क्लूनीजवळच्या याच टेकड्यांमधून. त्या वर्षी ताशी २६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाड्या खोऱ्याच्या अंगावरून जाऊ लागल्या. मात्र क्लूनीला त्यांचे स्थानक नाही. उतारूला माकोंजवळच्या किंवा क्रझोच्या स्थानकावर उतरून पुढे बसने किंवा मोटारीने यावे लागते. वेगाने अंतर कमी होते खरे. पण ते कोणासाठी कमी होते, हा प्रश्न अशा ठिकाणी आपोआप उभा राहतो.

लोहमार्ग बंद पडल्यावर रूळ व स्लीपर उचलले जातात. उरते ती खडी पसरलेली अरुंद पट्टी. अशा पट्टीचे पुढे काय करावयाचे, हा निर्णय दिसतो तितका साधा नसतो. शेजारच्या शेतकऱ्यांना ती सहज विकता येते. एखादी ग्रामसंस्था तीवर रस्ता काढते, दुसरी गोदाम बांधते, तिसरीकडे काटेरी झुडपे माजतात. फ्रान्समध्ये अनेक जुन्या लोहमार्गांची अशीच वासलात लागली. एकदा का पट्टी मध्येच तुटली, की तिचे मोल संपते. दहा किलोमीटर सलग वाट असेल तर तिचा मार्ग होतो. त्याच वाटेचे वीस तुकडे झाले तर ती केवळ वीस लांबट शेते होतात. ते तुकडे पुन्हा जोडावयाचे म्हटले तर प्रत्येक मालकाशी स्वतंत्र व्यवहार करावा लागतो आणि बहुधा तो कधीच पुरा होत नाही.

सोन-ए-ल्वार या जिल्ह्याच्या निर्वाचित परिषदेने येथे जे केले त्याचे महत्त्व यात आहे. तिने पट्टी तुटू दिली नाही. खडीवर सुमारे तीन मीटर रुंदीचा गुळगुळीत डांबरी थर घातला, रस्ता ओलांडण्याच्या जागी मोटारींना आत शिरता येऊ नये म्हणून अडसर उभारले, दिशादर्शक फलक लावले. नवी जमीन जवळजवळ घ्यावी लागली नाही, कारण ती शंभर वर्षांपूर्वीच संपादन झालेली होती. टेकडी फोडणे, ओढ्यांवर पूल बांधणे, सखल जागी भराव घालणे ही खर्चाची कामे रेल्वेच्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवली होती.

रेल्वेच्या वाटेचा सायकलस्वाराला होणारा मोठा लाभ वेगळाच आहे. लोखंडी रुळांवरून लोखंडी चाके फिरताना पकड कमी असते, त्यामुळे इंजिनाला तीव्र चढ ओढता येत नाही. म्हणून लोहमार्गाची आखणी करताना चढ अत्यंत सौम्य ठेवावे लागतात आणि वळणेही मोठ्या त्रिज्येची घ्यावी लागतात. वाफेच्या इंजिनासाठी केलेली ही सोय आज आठ वर्षांच्या मुलाच्या आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या कामी येते. ज्या प्रदेशातील साधे रस्ते टेकड्यांवरून सारखे वर-खाली होतात, तेथे सपाट वाटेचे अप्रूप किती, हे तेथे सायकल चालविणाराच जाणे.

गावातील सरदारी वाडा

मार्गावरून कोर्मातँमध्ये शिरले की घरे दिसतात ती फिकट पिवळ्या चुनखडी दगडांची. या भागातील जुन्या द्राक्षबागायतदारांच्या घरांची ठेवण पाहण्यासारखी आहे. तळमजल्यावर तळघरासारखी थंड कोठी, बाहेरून चढणारा दगडी जिना, आणि वर लाकडी खांबांवर पेललेली उघडी पडवी. पडवीत वाळवण घालता येई, पावसात बसून काम करता येई. आपल्याकडील ओसरीची आठवण यावी असाच हा भाग.

गावाच्या कडेला, पाण्याने भरलेल्या खंदकांच्या मध्ये कोर्मातँचा ‘शातो’ म्हणजे सरदारी वाडा उभा आहे. अंत्वान द्यू ब्ले या सरदाराने १६०५ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. फ्रान्समधील धर्मयुद्धे नुकतीच शमली होती. त्यामुळे इमारतीचा बाह्य भाग संरक्षणाचा विचार मनात ठेवून बांधलेला, काहीसा करडा आणि कडक वाटतो. आत मात्र निराळेच जग आहे. अंत्वानचा मुलगा झाक आणि सून क्लोद यांनी १६२० च्या दशकात आपली दालने पॅरिसच्या दरबारी अभिरुचीप्रमाणे सजविली. भिंतींच्या लाकडी तक्तपोशीवर सोनेरी वेलबुट्टी, चित्रे आणि वैडूर्यासारख्या मोलाच्या दगडाच्या निळ्या रंगाचे काम आहे. संत सेसिलियाच्या नावाने ओळखली जाणारी लहान खोली या दृष्टीने विशेष प्रसिद्ध आहे. राजा तेराव्या लुईच्या काळातील अशी दालने मूळ स्वरूपात फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. पॅरिसमधील त्यांच्या बरोबरीची दालने पुढच्या पिढ्यांनी नव्या तऱ्हेने सजविली; खेड्यातली राहून गेली. मागे पडणे हेही कधीकधी जपणुकीचे कारण ठरते ते असे.

अर्थात जपणूक आपोआप झाली नाही. मुळात या वाड्याला तीन बाजू होत्या. १८१५ मध्ये दक्षिणेकडील बाजूत कापडाचा कारखाना काढण्याच्या खटपटीत ती बाजू कोसळली, आणि तेव्हापासून इमारत काटकोनी दिसते. उत्तरेकडील बाजूत मध्ये मोकळी पोकळी ठेवून चढत जाणारा भव्य दगडी जिना आहे. त्यावरून मूळ आवाक्याची कल्पना येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माँते कार्लोच्या संगीत नाट्यगृहाच्या संचालकाने हा वाडा घेतला होता. त्यानंतर पुन्हा पडझडीचा काळ आला. १९८० मध्ये तिघा मित्रांनी मिळून तो विकत घेतला आणि दुरुस्तीला आरंभ केला. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातून कामाचा मोठा भाग भागविण्यात येतो. बाग मूळची नाही. ती सतराव्या शतकातील उद्यानांच्या धर्तीवर नव्याने रचलेली आहे. तीत कातरलेल्या झुडपांचा एक चक्रव्यूह आहे आणि मुले वाड्यातील सोनेरी खोल्यांपेक्षा तेथेच अधिक रमतात.

सायकलवरून आलेला एक माणूस

कोर्मातँहून मार्गाने दक्षिणेकडे चार-पाच किलोमीटर गेले की टेकडीवर तेझे हे खेडे दिसते. आज जगभरातील ख्रिस्ती तरुणांना हे नाव परिचित आहे. १९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्सचा युद्धात पराभव झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, रोजे शुट्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलवर या भागात आला. जर्मनव्याप्त व अव्याप्त फ्रान्स यांच्यामधील सीमारेषा येथून जवळच होती. त्याने तेझेमध्ये एक रिकामे घर घेतले आणि व्याप्त प्रदेशातून पळून येणाऱ्या निर्वासितांना, त्यांत ज्यूंनाही, आसरा दिला. १९४२ मध्ये धोका वाढल्याने त्याला स्वित्झर्लंडला परतावे लागले; १९४४ मध्ये तो पुन्हा आला. १९४९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आजन्म व्रत घेतले. ख्रिस्ती धर्माच्या विभक्त पंथांना एकत्र आणू पाहणारा हा बंधुसंघ पुढे वाढत गेला. ब्रदर रोजे यांचा २००५ मध्ये प्रार्थनेच्या वेळीच एका मनोरुग्ण स्त्रीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यांचे साधे थडगे गावातील लहान जुन्या चर्चच्या आवारात आहे.

उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण येथे मुक्कामास येतात. स्वयंपाक, भांडी, स्वच्छता ही कामे तेच वाटून घेतात. दिवसातून तीन वेळा घंटा वाजते आणि सगळे १९६२ मध्ये बांधलेल्या मोठ्या प्रार्थनागृहात जमतात. प्रार्थना अनेक भाषांतून गायिल्या जातात आणि मध्ये बराच वेळ पूर्ण शांतता असते. धर्माने ख्रिस्ती नसलेल्या वाटसरूलाही मागे बसण्यास मज्जाव नाही. खालच्या मार्गावरून जाणारे पुष्कळ सायकलस्वार ही चढण टाळतात. ती फारशी मोठी नाही. टाळणाऱ्यांचाच तोटा होतो.

जे उरले नाही ते

तेझेहून पुढे दहाएक किलोमीटरांवर क्लूनी आहे. हे गाव पाहताना डोळ्यांपुढे काय आहे यापेक्षा काय नाही, हे समजून घ्यावे लागते. इ. स. ९१० मध्ये आक्वितेनच्या विल्यम ड्यूकने येथे बेनेडिक्टाइन मठाची स्थापना केली. त्याने मठाला स्थानिक सरदार व बिशप यांच्या सत्तेपासून मुक्त ठेवून थेट पोपच्या छत्राखाली दिले. या स्वातंत्र्यामुळे मठ वाढला. दोन शतकांत युरोपभरचे शेकडो मठ क्लूनीच्या अधीन झाले. मठाधिपती ह्यू यांच्या काळात १०८८ मध्ये तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या चर्चचा पाया घातला गेला. पुरे झाले तेव्हा त्याची लांबी सुमारे १८७ मीटर होती. रोममधील सेंट पीटरचे आजचे मंदिर बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठे चर्च नव्हते.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बरखास्त झाले, त्यांची मालमत्ता राष्ट्राची ठरली. १७९८ मध्ये क्लूनीच्या इमारती माकोंच्या व्यापाऱ्यांना विकण्यात आल्या. त्यांनी चर्चच्या मधून चक्क रस्ता काढला आणि दगड विकावयास सुरुवात केली. सुमारे पंचवीस वर्षे सुरुंग आणि पहारी चालू होत्या. कोणाच्या घराची भिंत, कोणाच्या अंगणाचे कुंपण या दगडांतून उभे राहिले. नेपोलियनच्या आज्ञेने स्थापन झालेल्या सरकारी अश्वशाळेच्या बांधकामातही मठाचेच दगड गेले. आज मूळ चर्चचा दहावा हिस्साही उरलेला नाही. दक्षिण बाजूचा एक भाग आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा तेवढा शिल्लक आहे. त्या मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहिले की छताची उंची पाहूनच मन दडपते. मग ध्यानात येते की हा एका भागाचा केवळ एक कोपरा आहे.

केनेथ जॉन कोनंट या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९२८ पासून दोन दशकांहून अधिक काळ येथे उत्खनन करून, जमिनीतील पाये मोजून, गेलेल्या चर्चचे नकाशे तयार केले. आता संगणकावर रचलेल्या चित्रांच्या साहाय्याने मूळ वास्तू पाहुण्यांना दाखविली जाते. गावातून फिरताना रस्त्याच्या फरशीत मूळ भिंतींच्या रेषा व खांबांचे बुंधे दिसतात.

एकाच खोऱ्यातील दोन घटना शेजारी ठेवल्या तर विचार करावयास लावतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस हातात आलेली एक अखंड वस्तू तुकड्यांनी विकली गेली आणि युरोपातील एक अजोड वास्तू गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी एक अखंड वस्तू, चर्चच्या मानाने अगदीच क्षुल्लक अशी रेल्वेची पट्टी, हातात आली. ती मात्र तुकडे न करता ठेवली गेली. पहिल्या वेळी विकणाऱ्यांना नफा झालाच होता. तो गेला कोठे, हे आज कोणी सांगू शकत नाही.

पूर्वेकडचे चढ

हरित मार्ग सोडून कोर्मातँच्या पूर्वेस वळले की खरी सायकल चालविणे सुरू होते. पाच-सहा किलोमीटरांवर शापेझ हे खेडे आहे. येथील संत मार्टिनचे चर्च अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून त्याचा चौकोनी मनोरा सुमारे ३५ मीटर उंच आहे. आजूबाजूच्या बुटक्या घरांमध्ये तो आणखी उंच भासतो. आत गेल्यावर दिसतात ते जाडजूड गोल खांब, आणि त्यांतील काही सरळ नाहीत, बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. वरील कमानींच्या भाराने ते शतकांपूर्वी झुकले आणि मग तसेच स्थिरावले. मूर्ती वा चित्रे यांचा येथे जवळजवळ अभाव आहे. सौंदर्य आहे ते केवळ प्रमाणांचे आणि दगडांवर पडणाऱ्या उजेडाचे. क्लूनीचे जे उडवले गेले त्याच्या आधीची पिढी कशी बांधीत असे, हे शापेझमध्ये कळते.

आणखी पूर्वेस रस्ता रानातून चढत ब्रांस्यों या गढीच्या गावाकडे जातो. टेकडीच्या सोंडेवर किल्ला, त्याच्या आडोशाला मूठभर घरे, पंधराव्या शतकातील लाकडी छपराची मंडई आणि टोकाला बाराव्या शतकातील चर्च, एवढेच हे गाव. मोटारी वेशीबाहेरच थांबवाव्या लागतात. ब्रांस्योंचे सरदार एके काळी क्लूनीच्या मठवासीयांना सतत त्रास देत. त्यांच्यापैकी जोसराँ नावाचा सरदार फ्रेंच राजा नवव्या लुईबरोबर धर्मयुद्धावर गेला आणि १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सूराच्या लढाईत पडला. चर्चमधील चौदाव्या शतकातील भित्तिचित्रे पुसट झाली असली तरी ओळखू येतात. चर्चच्या पुढील कठड्यावरून ग्रोनचे सारे खोरे दृष्टीस पडते. परत येताना उतार आहे. ब्रेक तपासून घ्यावेत.

लहान गोष्टींचे मोल

या भागात फिरताना मोठ्या स्मारकांइतकेच लक्ष वेधून घेतात ते गावोगावचे धुण्याचे कुंड. झऱ्याचे पाणी दगडी टाक्यात घेतलेले, कडेने उतरत्या दगडी शिळा, वर कौलारू किंवा दगडी पातळ फरश्यांचे छप्पर. गावातील स्त्रिया येथे जमून कपडे धूत. एकोणिसाव्या शतकात रोगराईला आळा घालण्यासाठी ग्रामसंस्थांनी असे कुंड मोठ्या संख्येने बांधले. १८५१ च्या कायद्याने शासनानेही त्यासाठी साहाय्य दिले. नळ आणि धुलाईयंत्रे आल्यावर त्यांचा उपयोग संपला. तरी पुष्कळ गावांनी ते पाडले नाहीत, छप्परे दुरुस्त केली. उन्हात थकलेला सायकलस्वार आज त्याच छपराखाली बसून पाव व बकरीच्या दुधाचे चीज खातो.

ही जपणूक केवळ सद्भावनेवर अवलंबून नाही. फ्रान्समध्ये ऐतिहासिक स्मारकांचा पहिला निरीक्षक १८३० मध्येच नेमला गेला. क्लूनीचा नाश तेव्हा ताजा होता. त्या पदावर १८३४ मध्ये आलेले लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी देश पालथा घालून याद्या तयार केल्या. स्मारकांच्या संरक्षणाचा मुख्य कायदा १९१३ चा. १९४३ मध्ये त्यात अशी भर पडली की, स्मारकापासून पाचशे मीटरांच्या आत, त्याच्या दृष्टिपथात येणारे बांधकाम करावयाचे असेल तर शासनाच्या वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यावे लागेल. अलीकडे २०१६ च्या कायद्याने ही मर्यादा त्या त्या जागेच्या गरजेप्रमाणे ठरविण्याची मुभा दिली आहे. शापेझमध्ये मनोऱ्याशेजारी काचेची चकचकीत इमारत का दिसत नाही, याचे उत्तर या तरतुदींत आहे. घरमालकाला त्यांचा जाच होतोच. खिडकीचा रंग बदलण्यासही परवानगी लागते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते, आणि ती अगदीच निराधार नाही.

फ्रान्समध्ये ग्रामपंचायतीच्या जागी ‘कोम्यून’ ही संस्था असते. देशात सुमारे पस्तीस हजार कोम्यून आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अगदी लहान आहेत. कोर्मातँसारख्या गावाच्या कोम्यूनकडे ४४ किलोमीटरांचा मार्ग बांधण्याची ताकद नसते. म्हणून मार्ग जिल्ह्याने बांधला. पण वाटेवर पाण्याचा नळ ठेवणे, बाके मांडणे, जुन्या स्थानकाची इमारत पडू न देणे ही कामे गावपातळीवरची. पावाचे दुकान उघडे राहील की बंद पडेल, हाही प्रश्न गावचाच. शेकडो खेड्यांत ते बंद पडले आहे. जेथे सायकलस्वार थांबतात तेथे ते चालण्याचा संभव अधिक, एवढे म्हणता येईल. मात्र ही आवक हंगामी आहे. हिवाळ्यात वाडा बंद असतो, वाट ओस पडते आणि खाणावळींना टाळे लागते. केवळ प्रवाशांवर गाव तगत नाही, त्याला शेती व शाळा लागतेच.

जाणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे

सायकलवरून हिंडण्याची फ्रेंच परंपरा जुनी आहे. १९३६ मध्ये कामगारांना कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो तरुण जोडपी सायकलींवर बसून प्रथमच आपला देश पाहावयास निघाली. आजचे नियम अर्थातच तपशीलवार आहेत. २००४ पासून हरित मार्गाची व्याख्या वाहतूक नियमांतच आहे. तो विनामोटार वाहने, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठी राखीव असतो. साध्या रस्त्यावर वाहने उजव्या बाजूने चालतात. ज्या चौकात फलक नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. खेड्यांच्या गल्ल्यांत हा नियम विसरून चालत नाही. मोटारचालकाने सायकलला मागे टाकताना गावात एक मीटर व गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडले पाहिजे. बारा वर्षांखालील मुलांना २०१७ पासून शिरस्त्राण सक्तीचे आहे. रात्री किंवा धुक्यात वस्तीबाहेर सायकल चालविणाऱ्याने प्रकाश परावर्तित करणारे जाकीट घालावे लागते.

दुपारी बारा ते दोन या वेळात खेड्यांतील बहुतेक दुकाने बंद असतात, सोमवारी तर पुष्कळशी दिवसभर. म्हणून पाव, फळे आणि पाणी सकाळीच बरोबर घ्यावे. सायकल भाड्याने मिळते; क्लूनीत जुन्या स्थानकाजवळ तशी सोय आहे. शालों व माकों येथपर्यंत प्रादेशिक गाडीने येताना स्वतःची सायकलही बरोबर आणता येते. शालोंहून अटलांटिक महासागर ते काळा समुद्र असा खंडव्यापी सायकलमार्ग जातो, त्यामुळे दूरचे प्रवासीही मधूनच या खोऱ्यात उतरतात. उत्तरेस ब्यूसी व जिव्री ही द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध गावे आहेत. वाटेत सँ-जांगू हे गल्ल्यांचे जुने गावही थांबण्याजोगे आहे.

क्लूनीच्या दक्षिणेकडे, माकोंच्या दिशेने मार्ग वाढविला तेव्हा टेकडीखालील ब्वा-क्लेरचा जुना रेल्वे बोगदा उपयोगात आणला गेला. त्याची लांबी सुमारे १,६०० मीटर आहे. आत दिवे आहेत, गारवा भर उन्हाळ्यातही अंगावर येतो, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचा उजेड आधी टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. रेल्वे बंद असताना या बोगद्यात वटवाघळांनी वस्ती केली होती. हिवाळी निद्रेत त्यांना व्यत्यय येऊ नये म्हणून थंडीच्या महिन्यांत बोगद्याचे दार बंद ठेवले जाते, आणि त्या काळात सायकलस्वाराला खिंडीचा चढ चढून पलीकडे उतरावे लागते.